चौपाटी: हवा, मीठ आणि भेळ



आज आपण चौपाटीबद्दल बोलणार आहोत. शब्द सगळ्यांच्या तोंडचा आहे. पुण्यात सारसबागेजवळ चौपाटी आहे. तालुक्याच्या गावाला स्टँडच्या बाजूला भेळेची, पावभाजीची, आइस्क्रीमची अशा चार गाड्या लागल्या की आपण म्हणतो, इथे चौपाटी झाली. आमच्या वाघोलीत नगर रस्त्याच्या कडेला संध्याकाळी दिवे लागले की पोरं म्हणतात, "आई, चौपाटीवर जाऊ." समुद्र तिथून दीडशे किलोमीटरच्या पुढे. घाट उतरल्याशिवाय दिसायचा नाही. तरी शब्द मात्र घाट चढून आपल्या दारात येऊन बसलाय.

मूळ चौपाटी मुंबईची, गिरगावची. जुन्या गॅझेटिअरमध्ये या नावाचा अर्थ दिला आहे. चौ म्हणजे चार आणि पाट म्हणजे पाण्याचे प्रवाह. चार पाट जिथे समुद्राला मिळायचे ती चौपाटी. पालघरकडे सातपाटी नावाचं कोळ्यांचं गाव आहे, तिथे सात पाट. म्हणजे शेतात आपण पाट काढतो ना, तोच हा पाट. त्या नावात खाणं नव्हतं, पाळणे नव्हते. मुंबईचा किनारा आधी कोळ्यांचा, होड्या लावायचा आणि जाळी वाळत घालायचा. तिथे बाई होती, पण कामाला होती. मासळी निवडायला, वाळवायला, टोपली डोक्यावर घेऊन बाजारात न्यायला.

मग किनारा मजा करायची जागा कधी झाली? आणि कुणासाठी झाली? हा प्रश्न आमच्या गटाच्या बैठकीत निघाला, म्हणून आम्ही तो धरून बसलो. झालं असं की गटाची सहल मुंबईला न्यायची ठरली. बचतीच्या पैशाला हात लावायचा नाही, दर महिन्याला पन्नास रुपये वेगळे काढायचे, इथपर्यंत सगळ्यांचं जमलं. पण घरी सांगायचं काय, यावर गाडी अडली. एक जण म्हणाली, सिद्धिविनायकाला जातोय असं सांगू. दुसरी म्हणाली, प्रदर्शन बघायला जातोय असं सांगू. एकीने विचारलं, "चौपाटीवर बसायला जातोय असंच सांगितलं तर?" त्यावर सगळ्या हसल्या. हसण्यासारखं त्यात काय होतं, ते बघू.

आपल्याकडे बाईला घराबाहेर पडायला कारण लागतं. माहेर, लग्न, दवाखाना, देव. वाघोलीत महाशिवरात्रीला वाघेश्वराला गर्दी होते. बाया नटूनथटून जातात, दर्शन घेतात, मग बांगड्या बघतात, पोरांना पाळण्यात बसवतात, उसाचा रस पितात. मजा पुष्कळ होते. पण ती देवाच्या आडून होते. मुंबईतही आधी तसंच होतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी लोक संध्याकाळी समुद्रकिनारी प्रार्थनेला जमायचे, त्यांच्यात बायकाही असायच्या. पैसेवाले लोक घोडागाडीतून "हवा खायला" निघायचे. हवा खाणं हाही एक बहाणाच म्हणा, तब्येतीचा. कारणाशिवाय नुसतं बसणं हे फार उशिरा आलं.

जगातही फार वेगळं घडलं नाही. अमेरिकेत अटलांटिक सिटी नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे 1870 मध्ये वाळूवर लाकडी फळ्यांचा रस्ता केला. कारण ऐकाल तर हसाल. किनाऱ्यावर फिरून आलेल्या लोकांच्या पायांची वाळू हॉटेलांत आणि आगगाडीच्या डब्यांत पडायची, ती झाडून झाडून माणसं कंटाळली होती. म्हणून फळ्या टाकल्या. मग त्या फळ्यांवर दुकानं आली, खाऊ आला, खेळ आले. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड आहे. तिथे पूर्वी जायला वेळ आणि पैसा दोन्ही लागायचा. 1920 मध्ये शहराची पाच सेंटच्या तिकिटाची रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली आणि कारखान्यात राबणारी माणसं बायकापोरांसकट तिथे लोटली. 1923 मध्ये तिथेही फळ्यांचा लांबलचक रस्ता झाला. समुद्र होता तिथेच होता. तिकीट खाली आलं तेव्हा तो सगळ्यांचा झाला. अर्थात सगळ्यांचा म्हणताना जपून म्हणायला हवं. त्याच अटलांटिक सिटीत काळ्या लोकांना कित्येक वर्षं किनाऱ्याचा एक ठरावीक तुकडाच दिलेला होता.

तिकिटाचं म्हणाल तर आपल्या बाजूची गोष्ट त्याहून भारी आहे. दख्खनची राणी ही गाडी 1 जून 1930 ला सुरू झाली. आज नोकरदारांची गाडी म्हणून आपण तिला ओळखतो. पण सुरुवातीला ती शनिवार-रविवारची होती आणि मुंबईच्या श्रीमंतांना पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतीला आणण्यासाठी काढलेली होती. डबे फक्त पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे. तिसरा वर्ग लागायला 1955 साल उजाडलं. म्हणजे पंचवीस वर्षं ती गाडी घाट चढत-उतरत होती, पण आपल्या आज्यांसाठी नव्हती.

एसटीची गोष्ट वेगळी. 1 जून 1948 ला राज्यात एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे ते अहमदनगर. म्हणजे कुठून? आमच्या वाघोलीवरून! तारीखसुद्धा 1 जूनच, मधे फक्त अठरा वर्षं. आणि 17 मार्च 2023 पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याच्या आदल्या वर्षीपासून पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना तिकीटच नाही. त्यामुळे आमच्या सहलीत तीन सासवाही आल्या. एरवी "म्हाताऱ्या माणसाचं तिकीट कशाला काढायचं" म्हणून त्यांना मागे ठेवलं असतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

आता गिरगावच्या वाळूवर येऊ. तिथे लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. 1 ऑगस्ट 1920 ला मुंबईत टिळक गेले. त्यांचा अंत्यसंस्कार स्मशानात न होता, खास परवानगी काढून, या चौपाटीवर झाला. लाखांनी माणसं लोटली. तेव्हापासून ती जागा सभांची झाली. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी, 20 नोव्हेंबर 1955 ला, मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळून लावली ती इथेच. शाळेच्या पुस्तकातून एवढं आपल्याला साधारण ठाऊक असतं.

पण या दोन्हींच्या मधलं 1930 साल आपण बायकांनी नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. मिठावर सरकारचा कर होता. मीठ करायचा, विकायचा हक्क सरकारचा. किनाऱ्यावर आपोआप साचलेलं मीठ उचलणं हासुद्धा गुन्हा. गांधीजी मार्चमध्ये साबरमतीहून दांडीला निघाले. त्यांच्याबरोबरच्या तुकडीत एकही बाई नव्हती. कमलादेवी चट्टोपाध्याय या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या. मंगळूरच्या, लहानपणी विधवा झालेल्या, पुन्हा लग्न केलेल्या. त्या गांधीजींना भेटल्या आणि बायकांना या लढ्यात घ्या, असं तोंडावर सांगितलं. गांधीजींनी मानलं. 6 एप्रिलला दांडीला कायदा मोडला आणि लगोलग मुंबईत चौपाटीवर मीठ करायला पहिल्या तुकडीत ज्या दोन बाया पुढे झाल्या, त्यांतल्या एक कमलादेवी आणि दुसऱ्या अवंतिकाबाई गोखले.

अवंतिकाबाई आपल्या मराठी. परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या. 1917 मध्ये बिहारात चंपारणला जाऊन खेड्यातल्या शाळेचं काम त्यांनी केलं होतं. 1918 मध्ये मुंबईत त्यांनी हिंद महिला समाज सुरू केला. म्हणजे आपल्या गटांच्या किती आधी बायकांना एकत्र बसवायचं काम ही बाई करत होती. गांधीजींचं मराठीतलं पहिलं चरित्रही त्यांनीच लिहिलं.

तर या बायांनी वाळूवर चूल मांडली, समुद्राचं पाणी चढवलं आणि आटवून मीठ काढलं. यात अवघड काय होतं? चूल, भांडं, पाणी, जाळ. रोजचंच काम. जे बाई घरात करत होती तेच तिने उघड्यावर, पोलिसांसमोर केलं आणि तो गुन्हा ठरला. कमलादेवींनी त्या मिठाच्या पुड्या शेअर बाजारात नेऊन विकल्या, कोर्टातही विकायला नेल्या. त्या दिवसांचे फोटो आहेत. नऊवारी नेसलेल्या, गुजराती पद्धतीच्या साड्या नेसलेल्या बाया तांब्या-पितळेच्या घागरी, कळश्या घेऊन समुद्रात उतरल्यात, पदर ओले झालेत, भोवती बघ्यांची गर्दी आहे. त्यांतल्या बहुतेक जणींची नावं कुठे लिहिलेली नाहीत. घरून निघताना त्यांनी काय सांगितलं असेल, असं आमच्यातल्या एकीने विचारलं. देशाचं काम सांगितलं असेल. तेही कारणच, पण मोठं. आणि एकदा बाई घागर घेऊन सगळ्यांसमोर त्या पाण्यात उतरली की पुढच्या बाईला तिथे नुसतं उभं राहणं थोडं सोपं जातं, असं आम्हाला वाटतं.

कमलादेवींनी स्वातंत्र्यानंतर आयुष्य हातमाग आणि हस्तकलेला दिलं. 1952 मध्ये हस्तकला मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. आज आपण गोधड्या, टोपल्या, मसाले घेऊन सरस प्रदर्शनाला जातो, त्या वाटेवर या बाईंचे पाय आधी उमटलेत.

जुहूची चौपाटी उपनगरातली. तिची एक गोष्ट आपल्या रस्त्याशी जुळलेली आहे. वाघोलीहून पुण्यात जाताना येरवड्याच्या अलीकडे आगाखान पॅलेस लागतो. 1942 च्या चळवळीत गांधीजी आणि कस्तुरबा तिथे कैदेत होते. 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा तिथेच वारल्या, त्यांची समाधी तिथे आहे. मे महिन्यात आजारी गांधीजींना सोडलं आणि हवापालटासाठी ते गेले ते जुहूच्या किनारी. कस्तुरबांना मात्र त्या वाड्यातून बाहेर पडायला मिळालं नाही. रोज त्या भिंतीवरून बस जाते, आपण खिडकीतून बघतोही, पण हे कुणी सांगत नाही.

आता खाण्याकडे वळू, नाहीतर म्हणाल भेळेचं नाव घेऊन इतिहासच वाढला.

मुंबईत पहिली यशस्वी कापडगिरणी 1854 मध्ये ताडदेवला उभी राहिली. त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या आणि कोकणातून, साताऱ्याहून, आपल्या पुणे-नगरकडूनही माणसं गेली. एका खोलीत दहा-पंधरा जण. पाळी सुटली की भूक लागलेली, स्वस्त आणि गरम काहीतरी हवं. पावभाजी ही अशा गिरणीवाल्यांच्या जेवणातून आली, असं मुंबईत सांगतात. त्या ताटात काय काय समुद्रावरून आलंय बघा. पाव हा शब्दच पोर्तुगीजांचा. बटाटा, टोमॅटो, मिरची ही सगळी अमेरिका खंडातली, जहाजातून आलेली. आपल्या मिरचीच्या ठेच्याला आपण हजार वर्षांचा समजतो, तो तसा नाही. भेळ गुजराती लोकांच्या हातची म्हणतात. चुरमुरे, शेव, कांदा, बटाटा, चिंचेचं आंबटगोड पाणी, वर मोडलेली पुरी. चूल पेटवायला लागत नाही, एका पाटीत दुकान मावतं, कागदात घालून हातात देता येतं. भांडवल कमी आणि गिऱ्हाइकाला बसायला जागा द्यायची गरज नाही. धंद्याच्या नजरेने बघाल तर भेळेसारखा हुशार पदार्थ नाही. पूर्वी या गाड्या वाळूवरच कुठेही असायच्या, मग पालिकेने त्यांना एका बाजूला रांगेत जागा दिली.

पण गिरणीवाल्यांना रोजचं जेवण कोण घालत होतं? खानावळवाल्या बाया. गावाहून आलेल्या, कुणाचा नवरा आजारी, कुणाचा वारलेला. एवढ्याशा खोलीत वीस-वीस माणसांच्या भाकऱ्या थापायच्या. किराणा उधारीवर, सावकाराचं व्याज डोक्यावर. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये या बायांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण काही नाही, एकमेकींचा भरवसा हेच तारण. ओळखीचं वाटतं ना? आपण आज गटात सही करतो तीच ही गोष्ट. त्या बायांना मुंबईत राहून चौपाटी किती वेळा दिसली असेल, कोण जाणे. रविवारीसुद्धा भाकऱ्या चुकत नव्हत्याच.

म्हणून आमचं मत सांगतो. चौपाटीवरचं खाणं चवीला फार थोर असतं असं नाही. आमच्या गटातल्या निम्म्या जणी त्याहून चांगली भेळ करतात, आणि तसं त्या तिथल्या तिथे बोलूनही दाखवत होत्या. पण ते खाणं आपण केलेलं नसतं. कुणी वाढलं नाही म्हणून कुणी रुसत नाही. आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं आपण खायचं, असं तिथे होत नाही. कागद हातात येतो तो आधी आपल्याच.

पाळण्यांचं थोडं. आकाशपाळणा इंग्रजांनी आणला, असं आम्ही समजत होतो. पण लोखंडी मोठ्या चक्राच्या आधीपासून लाकडी रहाटपाळणे जगात होते. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने 1620 मध्ये तुर्कांच्या राज्यात असे पाळणे पाहून लिहून ठेवलंय. मोठं लोखंडी चक्र 1893 मध्ये शिकागोच्या जत्रेत फेरिस नावाच्या इंजिनिअरने उभं केलं, सुमारे ऐंशी मीटर उंच. जुहूला मात्र लहान पाळणे हाताने फिरवणारी माणसं होती, आपल्या जत्रेत असतात तशीच. घोड्यांच्या चंदेरी व्हिक्टोरिया गाड्या मरीन ड्राइव्हला फिरायच्या. जनावरांच्या हालांमुळे मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये त्या बेकायदा ठरवल्या. घोड्यांचं चांगलं झालं. गाडीवाल्यांच्या घरच्या बायांचं काय झालं असेल, हाही विचार मनात येतोच.

आम्ही दादरला एसटीतून उतरलो, लोकलने चर्नी रोडला आलो. चर्नी हे नाव चरण्यावरून पडलं म्हणतात. तिथे गुरं चरायची. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर पाणी. आमच्यात खाणीवर दगड फोडायला गेलेली एक बाई होती. वाघोलीच्या खाणींत पावसाचं पाणी साचतं, तेवढंच मोठं पाणी तिने पाहिलेलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "याला पलीकडची बाजूच नाही." तीन सासवांनी चपला काढल्या आणि लुगडं धरून पाण्यात गेल्या. आम्हीच मागून ओरडत होतो, पुढे जाऊ नका.

अडचणीही सांगायला हव्यात. पहिली अडचण बाथरूमची. प्रवासात लघवीला जागा मिळेल का, या भीतीने बाया सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. आम्ही आधीच ठरवलं होतं की प्रत्येक मोठ्या स्टॉपवर सगळ्यांनी उतरायचं, हवं असो वा नसो. दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. चोवीस तासांत साधारण दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. विहिरीत पोहणारी पोरं समुद्राला भीत नाहीत, त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. पावसाळ्यात तर पाण्यात उतरायचंच नाही. तिथले जीवरक्षक शिट्टी मारतात ती उगाच नाही.

अंधार पडल्यावर मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलो. त्या रस्त्याची जमीन समुद्रात भराव टाकून केलेली आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे पाणी होतं. 1930 नंतर बांधलेल्या तिथल्या गोलसर गच्च्यांच्या इमारती 2018 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्या इमारतींत आपल्याला कुणी चहाला बोलावणार नाही. पण कट्टा फुकट आहे. आमच्या शेजारी कॉलेजातली पोरं, त्यांच्यापलीकडे एक मुसलमान कुटुंब, त्यांच्यापलीकडे दोन नर्सबाई डबा खात बसलेल्या. कुणी कुणाला विचारलं नाही की तुम्ही कशाला आलात.

परत आल्यावर घरी विचारलं गेलंच, "काय केलं तिथे?" एकीने सांगितलं, भेळ खाल्ली आणि बसलो. तिच्या सासऱ्यांनी पुन्हा विचारलं, "आणि?" ती म्हणाली, "आणि परत आलो." सासूबाई बाजूलाच बसल्या होत्या, त्यांनी पायाला लागलेली वाळू दाखवली.

वाघोली 2021 मध्ये पुणे महानगरपालिकेत गेली. आमची कागदपत्रं आता शहरी झाली, बाया मात्र त्याच आहेत. पन्नास रुपयांची वेगळी वही चालू आहे. पुढच्या खेपेला जुहूला जायचं की अलिबागला, यावर वाद आहे. अलिबागचा पक्ष सध्या जड आहे, कारण ओहोटीला तिथे कुलाबा किल्ल्यापर्यंत पाण्यातून चालत जाता येतं. ओहोटीची वेळ बघून तारीख काढायचं काम त्या तीन सासवांनी स्वतःकडे घेतलंय.